बजेटमध्ये पाच हजार कोटी जाहीर झाले, पण तिजोरी उघडते कधी?

बिदर/कलबुर्गी : बजेट सादर झालं की औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागात एकच विचारणा होते, 'आपल्याकडं काय आलं?' ७ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ४ लाख ९ हजार ५४९ कोटींचा अर्थसंकल्प मांडला. त्यात कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळासाठी ५ हजार कोटी जाहीर झाले. पण भाषणात आकडा आला म्हणजे पैसा आला, असं नसतं.

मंजुरी कशी मिळते?

कर, कर्ज असा सरकारचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय त्यातला एक रुपयाही काढता येत नाही. म्हणून चर्चेनंतर प्रत्येक खात्याच्या अनुदानाची मागणी विधानसभेत मतदानाला येते. आमदार मागणी मान्य करू शकतात, नाकारू शकतात किंवा रक्कम घटवू शकतात. वाढवू मात्र शकत नाहीत. विधान परिषदेला या मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही.

सगळ्या मागण्या मान्य झाल्या की विनियोजन विधेयक येतं. परिषद ते १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. राज्यपालांची संमती मिळाली की खर्चाला कायद्याची परवानगी मिळते. १ एप्रिलपूर्वी हे उरकलं नाही, तर काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतात. वर्षात पैसा कमी पडला, तर पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात.

३७१ (जे) चा संबंध काय?

९८ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३७१ (जे) आलं. त्यात या भागासाठी वेगळं विकास मंडळ, निधीचं न्याय्य वाटप आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. पण किती कोटी द्यायचे, हे कलमात लिहिलेलं नाही. तो आकडा दरवर्षी बजेटमध्येच ठरतो.

सीमेपलीकडे उदगीर, देगलूरकरांनाही खर्चमंजुरीची हीच पद्धत लागू आहे. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

आमदारांना काय विचारायचं?

जाहीर, मंजूर, वितरित आणि खर्च हे चार वेगवेगळे आकडे आहेत. मंजुरी ही खर्चाची परवानगी असते, सक्ती नव्हे. खात्याने रक्कम वापरली नाही, तर ३१ मार्चला ती मंजुरी संपते. पुढे कॅग हिशेब तपासते आणि लोकलेखा समिती जाब विचारते. पण तोवर वर्षं निघून गेलेली असतात.

म्हणून गावच्या रस्त्याचा किंवा शाळाखोलीचा विषय निघाला की 'बजेटमध्ये आहे' एवढ्यावर थांबू नये. पैसा कोणत्या मागणीत मंजूर झाला, किती सुटला आणि ३१ मार्चपर्यंत किती खर्च झाला, हे तीन प्रश्न विचारावेत.