व्यक्ती तितक्या शरीररचना

हाताचा अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांस टेकवून मनगट किंचित आतल्या बाजूस वाकविले, तर बहुतेक माणसांच्या मनगटाच्या मध्यभागी दोरीसारखे काहीतरी ताठ उभे राहिलेले दिसते. पुष्कळजण त्यास शीर समजतात. वस्तुतः ती एका लांब, सडपातळ स्नायूची कंडरा होय. स्नायूला तळहाताच्या आवरणाशी जोडणारा तो एक चिवट दोर आहे. एखाद्या शिक्षकाने चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला, तर ही कंडरा काही मुलांच्या एका हातावर आणि काहींच्या दोन्ही हातांवर दिसणार नाही, असा पुष्कळच संभव आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के व्यक्तींना ती नसते. चिनी लोकांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आढळले आहे.

ज्याच्या हातावर ती नाही त्याचा हात अधू नसतो. त्याच्या पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. परंतु कडबाकुट्टीत सापडून एखाद्या शेतकऱ्याच्या बोटाची कंडरा तुटली, की हीच मनगटावरील कंडरा काढून तिचा तुकडा बोटात बसविण्याची पद्धत शल्यचिकित्सेत रूढ आहे. म्हणून शल्यचिकित्सक शस्त्र हाती घेण्यापूर्वी रुग्णाला अंगठा आणि करंगळी जुळवावयास सांगतो. जी वस्तू काढावयाची ती मुळात तेथे आहे की नाही, हे त्याला आधी पाहावे लागते.

दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात हे आपण गृहीत धरतो. मात्र त्वचेखाली सर्वांची ठेवण एकच असते, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. रक्तवाहिन्यांचे फाटे, मज्जातंतूंचे मार्ग, नलिकांची जोडणी, बरगड्यांची आणि मणक्यांची संख्यासुद्धा माणसागणिक कमीअधिक बदलते. शरीराच्या कार्यात बाधा न आणणाऱ्या अशा फरकांना रचनाभेद म्हणता येईल. व्यंग निराळे आणि रचनाभेद निराळा. जुन्या ग्रंथांच्या हस्तलिखितांत पाठभेद असतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली व वेगळे पाठ टाकून न देता तळटीपांत नोंदविले. शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक मानवी देहाच्या बाबतीत हेच काम करीत आले आहेत. फरक इतकाच, की येथे एखादी तळटीप नजरेतून सुटली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

चित्र आणि प्रत्यक्ष

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्या पुस्तकाने शरीर शिकविले, ते हेन्री ग्रे यांचे शरीररचनाशास्त्रावरील पुस्तक १८५८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्यातील ३६३ चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली होती. हे कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापक झाले, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून राहिले आणि कुष्ठरोग व उलटून येणारा ताप यांवरील संशोधनाबद्दल नावाजले गेले. त्या जगप्रसिद्ध पुस्तकाच्या चित्रकाराने आपल्या राज्यात तीस वर्षे सेवा केली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही.

पुस्तकातील चित्र मात्र एकच असू शकते. सर्वांत अधिक वेळा आढळणारी रचना चित्रकार काढतो आणि वाचणाऱ्यास तीच नियम वाटू लागते. नियम किती सैल आहे याचे एक उदाहरण यकृताचे आहे. निकोलस मिशेल्स या अमेरिकन संशोधकांनी २०० मृतदेहांचे विच्छेदन करून यकृताला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची पाहणी केली; तिचे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकात दाखविलेली मांडणी त्यांना अवघ्या ५५ टक्के देहांत मिळाली. उरलेल्यांत कोठे एखादी जादा रोहिणी होती, तर कोठे मुख्य रोहिणीच भलत्या ठिकाणाहून निघालेली होती. यकृताचा भाग काढून दुसऱ्यास देण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दात्याच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढून घेतात, त्याचे कारण हेच.

पित्ताशयाजवळचा त्रिकोण

रचनाभेदामुळे होणाऱ्या अपघातांत सर्वांत परिचित उदाहरण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे आहे. पित्ताशयात खडे झाले म्हणजे ती पिशवी काढून टाकावी लागते. यकृतात तयार होणारे पित्त एका मुख्य नलिकेने आतड्यात उतरते. पित्ताशयाची स्वतःची एक आखूड नलिका असते, ती या मुख्य नलिकेस मिळते. शल्यचिकित्सकाने दोनच गोष्टी कापावयाच्या असतात: ही आखूड नलिका आणि पित्ताशयाला रक्त पुरविणारी लहानशी रोहिणी. त्या ज्या अरुंद जागेत असतात, तिला फ्रेंच शल्यचिकित्सक कॅलो यांच्या नावाने त्रिकोण म्हटले जाते.

सांगावयास हे सोपे आहे. पण आखूड नलिका कधी मुख्य नलिकेला चिकटून बरेच अंतर समांतर धावते. कधी तिला वळसा घालून पलीकडच्या बाजूने मिळते. कधी इतकी तोकडी असते, की पित्ताशय मुख्य नलिकेवरच टेकलेले दिसते. काही जणांत यकृताच्या उजव्या भागातून येणारी एखादी नलिका थेट येथेच उतरते. रोहिणीचेही तसेच आहे. ती कधी एक, कधी दोन असतात. कधी यकृताची उजवी रोहिणी पित्ताशयापर्यंत वाकून येते आणि आपणच ती लहान रोहिणी असल्याचा आभास निर्माण करते. त्यातच सूज आणि चिकटलेले पडदे असतील, तर अनुभवी डोळ्यांचीही फसगत होऊ शकते. मुख्य नलिका चुकून कापली गेली तर रुग्णाला कावीळ होते, पित्त पोटात झिरपते, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि काहींना आयुष्यभर त्रास सोसावा लागतो.

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. या पद्धतीने जखम लहान झाली व रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला. परंतु मुख्य पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण जगभर आरंभीच्या काळात जुन्या पद्धतीपेक्षा अधिक आढळले. ते हजारात पाचाच्या आसपास होते. असे का व्हावे? अमेरिकेत अशा २५२ प्रकरणांची छाननी करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार ९७ टक्के प्रकरणांत चुकीचे मूळ दृष्टिभ्रमात होते. हातांच्या कौशल्याची उणीव क्वचितच आढळली. मनात जे चित्र होते, तेच समोर दिसत आहे असे शल्यचिकित्सकास प्रामाणिकपणे वाटले होते.

यावरचा उपाय १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविला होता. त्रिकोणातील चरबी आणि पडदे साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा, आणि पित्ताशयात दोनच वस्तू शिरत आहेत हे निर्विवाद दिसेपर्यंत काहीही कापू नये. तसे दिसलेच नाही, तर दुर्बीण बाजूस ठेवून पोट उघडावे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच राहू द्यावा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्धवट सोडून पोट उघडावे लागले म्हणजे रुग्णाचे नातलग पुष्कळदा डॉक्टरांवर रागावतात. वास्तविक अशा वेळी डॉक्टरांनी रुग्णाला मोठ्या संकटातून वाचविलेले असते.

आवाज सांभाळणारा तंतू

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू दोन्ही बाजूंस असतो. उजवा तंतू मानेतून सरळ स्वरयंत्रात शिरत नाही. तो मोठ्या मज्जातंतूबरोबर खाली उतरतो, उजव्या हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला खालून वळसा घालतो आणि मग वर चढतो. शंभरात सुमारे एखाद्या व्यक्तीत मात्र गर्भावस्थेतच त्या रोहिणीचा नेहमीचा भाग नाहीसा होतो. उजव्या हाताला रक्त नेण्यासाठी मग डाव्या बाजूकडून एक रोहिणी निघते आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. वळसा घालावयास काहीच न उरल्याने मज्जातंतू आडवा, थेट स्वरयंत्रात पोचतो. गलगंडाची शस्त्रक्रिया करणारा त्याला खालून वर येताना शोधत असतो. तो येतो बाजूने. एखादा बारीक पडदा समजून तो कापला गेला, तर आवाज कायमचा घोगरा होतो. शिक्षक, कीर्तनकार किंवा बाजारात ओरडून माल विकणारी बाई यांच्या दृष्टीने ही हानी किती मोठी आहे, हे सांगावयास नको. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सी. टी. स्कॅनमध्ये ती आडवाटेची रोहिणी दिसली, तर हा धोका आधीच ओळखता येतो.

गावपातळीवर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आंत्रपुच्छाची, म्हणजे अपेंडिक्सची. पोटाच्या उजव्या कुशीत खाली दुखले म्हणजे अपेंडिक्स, एवढे आता सर्वांस माहीत आहे. पण १९३३ मध्ये इंग्लंडमधील वेकली यांनी १०,००० देहांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे ६५ टक्के देहांत आंत्रपुच्छ मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले आणि ३१ टक्के देहांत ओटीपोटात लोंबणारे आढळले. मागे दडलेल्या आंत्रपुच्छाला सूज आली तर पोट पुढून दाबून फारसे दुखत नाही. ओटीपोटातील आंत्रपुच्छ लघवीच्या वा हगवणीच्या विकाराचा भास निर्माण करते. गरोदरपणात ते वर सरकते. तेव्हा ठरलेल्या जागी दुखत नाही, एवढ्यावरून रुग्णाला घरी ठेवून घेणे धोक्याचे आहे.

मूत्रपिंडाला एकच रोहिणी असते असे चित्रात दिसते. प्रत्यक्षात सुमारे चौघांपैकी एकाला एका बाजूस दोन किंवा अधिक असतात. यांतील प्रत्येक रोहिणी मूत्रपिंडाच्या आपापल्या भागालाच रक्त देते, दुसरीची उणीव भरून काढीत नाही. त्यामुळे मूत्रपिंडदानाच्या वेळी एखादी बारीक रोहिणी तुटली तरी तेवढा भाग निकामी होतो. कोपराच्या खळगीतही शंभरातील काही थोड्या माणसांत एक रोहिणी कातडीलगत धावते. शीर समजून तीत औषध टोचले गेल्यास बोटे काळी पडण्यापर्यंत मजल जाते. सुई टोचण्यापूर्वी त्या जागी नाडीचे ठोके लागतात का, हे बोटाने चाचपून पाहण्यास क्षणभरच लागतो.

डावे उजवे

सर्वांत आश्चर्यकारक रचनाभेद म्हणजे आतील अवयव आरशातल्याप्रमाणे उलटे असणे. सुमारे दहा हजारांत एका माणसाचे यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे आणि बहुधा हृदयही उजवीकडे असते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ९९ वर्षांच्या एका महिलेने आपला देह वैद्यकीय विद्यापीठास दिला होता. २०१८ मध्ये विद्यार्थी तिच्या देहाचे विच्छेदन करू लागले, तेव्हा त्यांना नेहमीच्या जागी मोठी नीला सापडेना. पुढे उलगडा झाला, की हृदय योग्य जागी, पण पोटातील अवयव उलटे होते. हयातीत तिचे तीन अवयव शस्त्रक्रियेने काढण्यात आले होते. त्यांपैकी आंत्रपुच्छ काढणाऱ्या डॉक्टरांनी तेवढी जागा वेगळी असल्याची नोंद केली होती. कुटुंबीयांस या उलट्या रचनेची कल्पना नव्हती. सोनोग्राफीत किंवा शस्त्रक्रियेत असे काही आढळल्याचे रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले असेल, तर तो कागद जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक डॉक्टरांस दाखवावा.

विच्छेदनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग कुंच्याने एकेक थर उलगडून पाहावा, असा विधी दिला आहे. हल्ली क्ष-किरण, स्कॅन आणि संगणकावरील त्रिमितीय चित्रे आहेत. तरीही भावी डॉक्टरांना खऱ्या देहाशिवाय हे भेद हाताळावयास मिळत नाहीत. एका देहावर शिकलेल्या विद्यार्थ्यास एकच पाठ कळतो; शेजारच्या टेबलांवरचे देह पाहिले म्हणजे पाठभेद कळतात. तत्कालीन मुंबई राज्यात १९४९ मध्ये झालेल्या कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणसंस्थांना देण्याची तरतूद केली. परंतु केवळ बेवारस देहांवर विसंबून महाविद्यालयांची गरज भागत नाही.

देहदानाची इच्छा असल्यास जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज घ्यावा, तो साक्षीदारांच्या सह्यांनिशी भरून द्यावा आणि घरच्या मंडळींना त्याची पूर्ण कल्पना द्यावी. मृत्यूनंतर देह सुपूर्द करण्याचे काम त्यांनाच करावयाचे असते आणि त्यांनी नकार दिला तर नुसत्या अर्जाने काही होत नाही. मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत लागते. देह शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आत पोचवावा लागतो. अपघात, आत्महत्या किंवा पोलिसांत नोंद झालेला मृत्यू, शवपरीक्षा झालेला देह आणि काही संसर्गजन्य रोगांनी झालेले मृत्यू यांत देह सामान्यतः स्वीकारला जात नाही. नेत्रदान केलेले असल्यास देहदानास अडचण येत नाही. मात्र डोळे आधी काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीस प्रथम कळवावे.