कर्णा वाजला, आता उत्तर ज्याचे त्याने द्यायचे
(संदेष्टे आणि आपण : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण यहोयाकीम राजाला हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला पाहिला. यिर्मयाच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकत होता. देवाचा इशारा नाकारण्याची ती उघड तऱ्हा होती. आज यहेज्केलाकडे वळू. त्याचे श्रोते काही जाळत नव्हते, उलट त्याचे बोलणे ऐकायला आवर्जून येत होते. तरी त्यांच्यात काही बदलले नाही. नेमाने उपासनेला जाणाऱ्या तुम्हाआम्हाला हा भाग जास्त झोंबायला हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यहोयाखीन राजासह यरुशलेमेतले हजारो लोक पाडाव करून नेले. यहेज्केल त्याच बंदिवानांतला, याजक घराण्यातला. पाडावपणाच्या पाचव्या वर्षी खबार नदीकाठी त्याला पाचारण झाले. तेव्हा यरुशलेम आणि तिथले मंदिर उभे होते. ते उभे आहे तोवर आपले काही बिघडणार नाही, अशी बंदिवानांची समजूत होती. शहर पडणार आहे, हे त्यांना सांगण्याचे काम यहेज्केलाच्या वाट्याला आले. इ.स.पू. 586 च्या सुमारास शहर पडलेच.

पहारेकऱ्याचे काम कुठे संपते?

त्याच्या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायाच्या आरंभी पहारेकऱ्याचा दाखला येतो. शत्रू चालून येताना दिसला की पहारेकऱ्याने कर्णा वाजवायचा. त्याने पाहूनही तो वाजवला नाही, तर मेलेल्यांच्या रक्ताचा झाडा त्याला द्यावा लागेल. पण त्याने कर्णा वाजवला आणि ऐकणारा जागचा हलला नाही, तर त्या मरणाची जबाबदारी ऐकणाऱ्याची. हीच नेमणूक मग यहेज्केलाला मिळते. पुढे नव्या करारात पौलही मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना याच भाषेत बोलतो. देवाचा मनोदय सांगताना आपण काही राखून ठेवलेले नाही, तेव्हा कुणाच्याही रक्ताचा दोष आपल्यावर नाही, असे तो सांगतो.

पाळकाने काय सांगितले आणि काय टाळले, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ती करायलाही हवी. पण जे त्याने स्पष्ट सांगितले त्याचे आपण काय केले, याचे उत्तर पाळक देणार नाही. आईवडील किंवा मंडळीही देणार नाहीत.

या दाखल्यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. देशावर तलवार आणणारा देव आहे, आणि यहेज्केलाला पहाऱ्यावर उभा करणाराही देवच आहे. ज्याला केवळ नाश करायचा असतो तो आधी कळवत नाही. दुष्टाच्या मरणात आपल्याला संतोष नाही, त्याने मागे फिरून जगावे, असे परमेश्वर याच अध्यायात स्वतःची शपथ वाहून सांगतो. म्हणून इशारा हा कृपेचाच भाग आहे. तो आला म्हणजे परतीची वाट अजून खुली आहे.

चार पळवाटा

ऐकूनही न ऐकण्याच्या चार वाटा यहेज्केलाच्या पुस्तकात सापडतात.

पहिली वाट वाडवडिलांवर खापर फोडण्याची. पूर्वजांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात आमचे आंबले, अशी म्हण लोकांच्या तोंडी होती. 18 व्या अध्यायात देव ती मोडीत काढतो. नीतिमान बाप, हिंसाचारी मुलगा आणि पुन्हा नीतिमान नातू अशा तीन पिढ्या तो समोर ठेवतो. बापाच्या पुण्याईने मुलगा तरत नाही आणि त्या मुलाच्या पापाने नातू बुडत नाही.

दुसरी वाट पुढे ढकलण्याची. याचा दृष्टान्त फार दूरच्या काळाचा आहे, असे लोक म्हणत. 12 व्या अध्यायात त्यांना उत्तर मिळते: आता विलंब होणार नाही.

तिसरी वाट निराशेची. आम्ही पापांनी खंगून गेलो, आता कसले जगणे, असे म्हणणारेही होते. वरवर ही नम्रता वाटते, पण तिच्या आड बसून माणूस काहीच न करता राहू शकतो.

चौथी वाट कौतुकाची, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते. 33 व्या अध्यायाच्या शेवटी देव यहेज्केलाला सांगतो की लोक भिंतींपाशी आणि दारांत तुझ्याविषयीच बोलतात, तुझे ऐकायला एकमेकांना बोलावतात. पण गोड गळ्याच्या गवयाचे प्रेमगीत ऐकावे तसे ते तुझे शब्द ऐकतात. तोंडाने माया दाखवतात, आणि मन मात्र त्यांच्या लाभामागे धावते. उपासनेनंतर बाहेर पडताना ‘आजचा संदेश फार छान झाला’ असे म्हणून आपण तो तिथेच सोडून येतो, तेव्हा आपणही त्याच लोकांत बसलेले असतो.

मागे फिरणे म्हणजे नेमके काय?

याचे उत्तर त्याच अध्यायातल्या 15 व्या वचनात आहे आणि ते अगदी व्यवहारातले आहे. गहाण ठेवून घेतलेली वस्तू परत करायची, लुबाडलेले भरून द्यायचे, आणि जीवनाच्या नियमांप्रमाणे चालायचे. अशा माणसाची आधीची पापे त्याच्याविरुद्ध आठवली जाणार नाहीत. उलट, आधीच्या नीतिमत्त्वावर विसंबून वाकडे वागणाऱ्याला ते नीतिमत्त्व वाचवणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. दुसऱ्यावर आपत्ती आली की तिच्यात देवाची शिक्षा शोधायचा मोह होतो. शिलोह येथील बुरूज कोसळून 18 जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच विचारला आणि नाही असे उत्तर दिले. लगेच त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापासाठी बोलावले. इशारा शेजाऱ्याला मोजण्यासाठी मिळत नाही. तो ज्याच्या कानी पडतो त्याच्यासाठीच असतो.

तेव्हा येत्या रविवारचा संदेश ऐकून झाल्यावर तो कसा झाला हे थोडा वेळ बाजूला ठेवा. कुणाचे काय परत करायचे आहे, कुणाची क्षमा मागायची आहे, कोणता व्यवहार थांबवायचा आहे, यातली एक गोष्ट ठरवा आणि पुढच्या रविवारच्या आत ती करा.

पुढील लेखात : इशारा ऐकून खरोखर मागे फिरलेले शहर, निनवे.