गणपती ते दिवाळी : शाळेच्या सूचनेमागे काय असतं

गणपतींचं विसर्जन झालं की माध्यमिक शाळेच्या सूचनाफलकावर टाचणी टोचायला जागा उरत नाही. दहावीचे अर्ज, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, सहामाहीचं वेळापत्रक, पालकसभा, दिवाळीची सुट्टी, सगळं सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत येतं. यातल्या काही सूचना चुकल्या तरी फार बिघडत नाही. काहींची तारीख गेली तर मुलाचं वर्ष जातं, आणि एखाद्या कागदावरची चूक पुढे आयुष्यभर त्याच्यासोबत राहते. फलकावर मात्र दोन्ही प्रकारच्या सूचना सारख्याच अक्षरांत लागतात. कोणत्या कागदासमोर थांबायचं हे कळण्यासाठी तो कागद कुठून येतो आणि कुठे जातो हे माहीत असायला हवं.

उरण तालुक्यातल्या करंजासारख्या गावात तर ते अधिकच गरजेचं आहे. द्रोणागिरीच्या पायथ्याचं हे कोळ्यांचं गाव. समोर धरमतरची खाडी, पलीकडे रेवस. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पेटा होता, त्यामुळे जुन्या कागदांत करंजाचा उल्लेख पनवेलच्या हद्दीत सापडतो. इथलं वर्ष शाळेच्या घंटेपेक्षा समुद्राच्या वेळेवर चालतं. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत वडील घरी असतात, पण शाळा नुकतीच सुरू झालेली असते आणि सह्या मागणारे कागद फारसे नसतात. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम भरात येतो. बोटी एकदा गेल्या की कित्येक दिवस परतत नाहीत, आई पहाटेच मासळी घेऊन बाजारात जाते, आणि नेमक्या याच महिन्यांत शाळेला पालकांची गरज सर्वांत जास्त असते.

सूचनेचा प्रवास पुण्यात सुरू होतो. दहावीचं सारं काम महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडे असतं. 1966 साली सुरू झालेल्या या मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोकण विभागात येतात, उरणचा रायगड जिल्हा मात्र मुंबई विभागात, ज्याचं कार्यालय वाशीला आहे. बाकीची परिपत्रकं शिक्षण संचालनालयाकडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अलिबागला येतात आणि तिथून शाळेत. शाळेचा लिपिक आवक नोंदवहीत नोंद करतो, मुख्याध्यापक शेरा मारतात, सूचनावहीत मजकूर उतरवला जातो आणि शिपाईदादा ती वही घेऊन वर्गावर्गांत फिरतात. शिक्षक तास थांबवून सूचना वाचतात आणि खाली सही करतात. महत्त्वाची असेल तर दुसऱ्या दिवशी परिपाठातही सांगतात.

इथपर्यंतचा रस्ता पक्का आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर नोंद आणि सही आहे. गळती होते ती वर्गापासून घरापर्यंत. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाला सूचना कळतच नाही. आलेलं मूल ऐकतं, पण 'पालकांची सही आणि उत्पन्नाचा दाखला' यातलं एकच लक्षात ठेवतं. हल्ली वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो, पण शाळेत नोंदवलेला नंबर बहुतेक वेळा वडिलांचा असतो आणि तो फोन किनाऱ्यापासून लांब, रेंजच्या बाहेर असतो. एक छोटी गोष्ट जरूर करावी : आईचा किंवा घरी राहणाऱ्या काकीचा, आजीचा नंबर वर्गशिक्षकांकडे दुसरा नंबर म्हणून लिहून द्यावा.

सप्टेंबरातली पहिली मोठी तारीख पालकांना सहसा कळतच नाही. 30 सप्टेंबरची पटसंख्या धरून शाळेची संचमान्यता ठरते, म्हणजे पुढे किती शिक्षकांची पदं मंजूर होणार हे ठरतं. ही संख्या हजेरीपटावरची नसते. शाळांची माहिती नोंदवणाऱ्या यूडायस प्लस प्रणालीत ज्यांची माहिती पूर्ण आहे आणि आधार जुळलेलं आहे, तीच मुलं धरली जातात. म्हणून वर्गशिक्षक 'आधारवरचं नाव शाळेच्या नावाशी जुळत नाही, दुरुस्त करून आणा' असा तगादा लावतात. लहान शाळेत पाच-सात मुलांची नोंद अर्धवट राहिली तरी एखादा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, आणि मग गणिताचा तास इतिहासाचे सर घेतात. आधारची चिठ्ठी घरी आली तर ती कारकुनी कटकट समजू नये. तिचा संबंध मुलाच्या वर्गातल्या शिक्षकाशी आहे.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायला हवा तो दहावीच्या अर्जाला. परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असे. 2025 मध्ये ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. अर्ज भरायची मुदत साधारण ऑक्टोबरात उघडते आणि विलंब शुल्कासह पुढे वाढते. नियमित विद्यार्थ्यांचे अर्ज शाळाच ऑनलाईन भरते, त्यामुळे पालकांना वाटतं की आपलं काम फक्त शुल्क देण्याचं. पण अर्जातली नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय आणि माध्यम ही माहिती येते शाळेच्या जनरल रजिस्टरमधून, म्हणजे मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं त्यातून. पहिलीच्या प्रवेशाला आजी मुलाला घेऊन गेली असेल आणि तिने घरातलं लाडाचं नाव सांगितलं असेल, तर तेच नाव दाखल्यावरून माध्यमिक शाळेत येतं आणि तिथून दहावीच्या प्रमाणपत्रावर. पुढे पासपोर्ट, नोकरी, बोटीवरच्या खलाशाला लागणारी कागदपत्रं, सगळीकडे जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र मागतात.

अशी नोंद किती टिकते याचं ठळक उदाहरण साताऱ्यात आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर आजही जपलेलं आहे. 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आणि दिवाळीच्या आगेमागे त्याचीही सूचना फलकावर लागते. शिक्षकांनी त्या दिवशी भाषणाआधी मुलांना आपल्याच शाळेचं रजिस्टर दाखवावं, प्रत्येकाला आपली ओळ वाचू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

त्या ओळीत जातीचाही रकाना असतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी वडील-आजोबांच्या शाळेतल्या नोंदी मागितल्या जातात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत तिथे चुलत आजोबा, आत्याआजी यांच्या नोंदी शोधत फिरावं लागतं. म्हणून गावातल्या जुन्या प्राथमिक शाळेचं जीर्ण झालेलं रजिस्टर हा कित्येक घरांचा ठेवा आहे. ते वाळवी आणि दमट हवेपासून जपणाऱ्या मुख्याध्यापकांचं ऋण गावाने मानावं.

नोंदीत चूक असेल तर ती मूल शाळेत शिकत असतानाच, पुरावे जोडून आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्त करता येते. शाळा सोडल्यावर हा रस्ता फार अवघड होतो. त्यामुळे दहावीची वाट पाहू नये. नववीच्या सहामाहीच्या सुट्टीत रजिस्टरमधली नोंद, जन्मदाखला आणि आधार समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आणखी एक बदल आहे. राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार त्यांचं नाव मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. त्यातली मोठी मुलं आता माध्यमिक शाळांत यायला लागली आहेत.

करंजासारख्या गावात दहावीचीच आणखी एक सूचना लावायला हवी, आणि ती शाळेच्या फलकापेक्षा जेट्टीवर लावली तर जास्त उपयोगी पडेल. सातवी-आठवीत शाळा सोडून बोटीवर गेलेला मुलगा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसू शकतो. त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि एक संपर्क केंद्र शाळा निवडावी लागते. या फॉर्मची मुदत सहसा नियमित अर्जांच्या आधी सुरू होते, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याने दाखला बंदीच्या दिवसांतच काढून ठेवावा. एकदा बोट निघाली की शाळेच्या कार्यालयाच्या वेळेत किनाऱ्यावर असणं त्याच्या हातात नसतं.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. शासकीय आणि अनुदानित शाळेतला, सातवीला किमान 55 टक्के मिळवलेला आणि ज्याच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही असा विद्यार्थी तिच्या परीक्षेला बसू शकतो. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत सवलत आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात, प्रत्येकी 90 गुणांच्या. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. हुशार मुलं इथे अडतात ती अभ्यासावर नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर. मासेमारीला पगारपत्रक नसतं, तलाठ्याचा अहवाल आणि तहसील कार्यालयाचा दाखला मिळायला वेळ लागतो. फॉर्म निघायची वाट न बघता तो दाखला आधीच काढून ठेवावा. निवड झाल्यावरही दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं की त्या वर्षाचे पैसे बुडतात.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा कला संचालनालय साधारण याच सुमारास घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात, ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3. शाळेने प्रस्ताव वेळेत पाठवला तरच ते गुणपत्रिकेत येतात, म्हणून प्रमाणपत्र घरच्या पेटीत न ठेवता त्याची प्रत दहावीच्या सुरुवातीलाच कलाशिक्षकांकडे द्यावी. खेळाच्या प्रमाणपत्रांचंही तसंच. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि तालुक्याचे सामने पाऊस उघडल्या उघडल्या होतात. खाडीत लहानपणापासून पोहणारी मुलं स्पर्धेच्या तलावात उतरायला का बिचकतात, हे क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याशी बोलून शोधायला हवं.

बाकी सूचना दिनविशेषांच्या. 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. उरणच्या शाळांनी 25 सप्टेंबर मात्र विसरू नये. 1930 साली याच दिवशी तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मुलांना हुतात्मा स्मारकावर नेण्यासाठी लांबच्या सहलीची गरज नाही.

पालकसभेची सूचना दर सत्राला निघते. सभा सकाळी अकराला ठेवली तर मासळी विकणारी आई येऊच शकत नाही, आणि मग 'पालकांना आस्था नाही' असा शेरा इतिवृत्तात पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. संध्याकाळी सहाची वेळ ठेवावी, मुदतीचे कागद सभेतच भरून घ्यावेत, तिथेच सह्या घ्याव्यात. याच सभेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीत कोण आहे आणि तक्रारपेटी कोण, कधी उघडतं, हेही सांगायला हवं. 2022 पासून ही समिती प्रत्येक शाळेत असणं अपेक्षित आहे. मुलींच्या आयांनी न संकोचता विचारावं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीची शेवटची महत्त्वाची सूचना लागते, ती प्री-लिस्टची. शाळेने भरलेल्या सगळ्या अर्जांची ही छापील यादी. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची नोंद तपासून तिच्यावर सही करायची असते. नावातली वेलांटी, आईचं नाव, जन्मतारीख, विषयांचे सांकेतांक, उत्तरपत्रिकेचं माध्यम, फोटो आणि सही, इतकं पाहायला दहा मिनिटं पुरतात. मुलं घाईत सही करून मोकळी होतात, म्हणून आदल्या दिवशी घरी जन्मदाखल्यावरून सगळं एका कागदावर लिहून द्यावं आणि तो कागद समोर ठेवून यादी तपासायला सांगावं. यादी विभागीय मंडळाकडे गेल्यावरची दुरुस्ती शाळेमार्फत वाशीहून करून घ्यावी लागते. जानेवारी 2024 पासून उरणहून लोकल सुटते म्हणून तो प्रवास सोपा झाला आहे, पण दुरुस्तीचं पत्र, पुरावे आणि मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेऊनच निघावं लागतं. परीक्षेआधी शाळा प्रवेशपत्र छापून हातात देते, त्यावर नाव पुन्हा एकदा वाचावं आणि चूक दिसली तर त्याच दिवशी कार्यालयात सांगावी.