अक्कलदाढ काढली? पुढचे काही दिवस खर्रा आणि स्ट्रॉ दोन्ही बंद!

कोराडीतल्या जवळच्या दवाखान्यात अक्कलदाढ काढा किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, खरी काळजी घरी आल्यावरच घ्यायची असते.

असं का?
दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी तयार होते. खालच्या हाडाचं तेच झाकण. ती निघाली तर हाड उघडं पडतं. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका लागतो.

पहिले 24 तास
डॉक्टरांनी दिलेला बोळा सांगितलेला वेळ दाबून ठेवा. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने उसाचा रस ओढू नका. गालावर बाहेरून 15-20 मिनिटं बर्फ शेका.

त्यानंतर
जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या करा. मऊ खिचडी, वरण-भात, दही खा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते, घाबरू नका.

आणि खर्रा?
विदर्भात हाच मोठा धोका. सुपारीचे कण जखमेत अडकतात, तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि वारंवार थुंकल्याने गुठळी सुटते. किमान तीन दिवस तरी हात लावू नका. कायमचा सुटला तर उत्तमच.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतर दुखणं वाढलं तर वाट पाहू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक रुग्णालय गाठा.