मोरसहून कर्जतला

मोका (मॉरिशस), ऑगस्ट

इथे सध्या ऊसतोड चालू आहे. घरामागच्या रस्त्याने दिवसभर उसाच्या गाड्या जातात. संध्याकाळी थंडी पडली की शेजारच्या घरात जेवणाच्या टेबलावर भारताचा नकाशा पसरला जातो. डिसेंबरात, शाळांच्या सुट्टीत, हे कुटुंब भारतात निघणार आहे: आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मूळ गाव शोधायला जाण्याची घरातली ही पहिलीच वेळ. आजींचे पणजोबा आले ते कर्जत तालुक्यातून. माझं माहेर कर्जतचं, म्हणून नकाशापुढे मलाही बसवतात.

आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की हनिमूनचे फोटो आठवतात. मराठी माणसाशी या बेटाचं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं डब्यात भरलेलं होतं. माझी आजी पांढऱ्या बारीक साखरेला 'मोरस' म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून आलेली साखर, म्हणून मोरस साखर. ती पिकवायला आपलीच माणसं गेली होती हे मात्र आजीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते इथे आल्यावरच कळलं.

गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास इथल्या उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. तो दिवस इथे आजही सरकारी सुट्टीचा असतो. 1910 पर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक आले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे होते, मुंबई बंदरातून आलेले त्या मानाने थोडे. रत्नागिरी, सातारा, ठाणे, कुलाबा या भागांतून कामाच्या शोधात मुंबईत आलेल्या गड्याला दलाल गाठायचा, करार व्हायचा, आणि मग कित्येक आठवडे समुद्र. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या ज्या 16 पायऱ्या हे लोक चढले त्या अजून आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि 2006 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मुंबईकडून आलेल्या या थोड्यांनी जे टिकवलं ते पाहून मी आजही थक्क होते. गणेशचतुर्थीला या देशात राष्ट्रीय सुट्टी असते. गणपतीत इथे जाखडी नाचतात, कोकणातली तीच जाखडी. शाळेत मराठी हा विषय घेता येतो. माणसं घरी क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, कचेरीचे कागद इंग्रजीत लिहितात. आणि तू कोण, असं विचारलं की 'मराठी' म्हणतात. इथे हिंदू, तमीळ, तेलुगू, मराठी हे वेगवेगळे समाज धरले जातात. आपण ज्याला भाषा म्हणतो, ती इथे समाजाची ओळख झाली आहे. शेजारच्या दोन्ही मुलांना मराठीत दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, पण आरत्या अथपासून इतिपर्यंत पाठ आहेत.

या प्रवासाच्या मुळाशी एक कागद आहे. आमच्या मोका गावातच महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. करारावर आलेल्या मजुरांची दप्तरं तिथे जपून ठेवली आहेत. घराण्यात कुठे मूळपुरुषाचा दप्तरातला क्रमांक लिहून ठेवलेला असला तर त्यावरून नोंद सापडते. 2024 च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या असताना, सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल असं जाहीर झालं. त्यासाठीही असाच पुरावा लागतो.

आजींनी पणजोबांच्या नोंदीचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवला आहे. मी तो दिव्याखाली धरून वाचला. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय 22, जात, उंची, डाव्या भुवईवर व्रण. मग गाव, परगणा आणि जिल्हा. फोटो नाही, कारण मजुरांचे फोटो काढण्याची पद्धत नंतर आली. जिल्ह्याच्या रकान्यात ठाणे, परगण्याच्या रकान्यात नसरापूर. आणि गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं. त्या अक्षरांत ल आणि ळ एक, द आणि ड एक, न आणि ण एक. ते मोठ्याने तीन प्रकारे वाचलं तेव्हा आमच्या तालुक्यातली तीन गावं निघाली.

इथल्या एका ट्रॅव्हल एजंटने या कागदावरून चौदा दिवसांचा बेत आखून दिला होता: दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी, शिर्डी, मुंबई आणि शेवटी 'मूळ गाव, अर्धा दिवस'. त्या अर्ध्या दिवसासाठी गाडी ठाणे शहराकडे जाणार होती आणि राहण्याची सोय केली होती कर्जतला, पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. तो कर्जत पुण्याच्याही पलीकडे आहे. एजंटला दोष देत नाही. नकाशावर नाव तेच होतं.

म्हणून आम्ही आधी गावाची नावं सोडवायला बसलो. आपला कर्जत 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग तो कुलाब्यात गेला, आणि कुलाब्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं. 1850 मध्ये माथेरान शोधणारा ह्यू मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर होता, कारण माथेरानचा डोंगर त्याच्या जिल्ह्यात होता. नसरापूर हे कर्जत तालुक्याचं जुन्या महसुली कागदांतलं नाव. पुण्याकडे भोरच्या वाटेवर दुसरं नसरापूर आहे, त्याच्याशी या कागदाचा संबंध नाही. खालापूर तेव्हा कर्जतचाच पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, त्यामुळे गाव आजच्या खालापूर तालुक्यातही असू शकतं. आजींना वरदविनायकाचं दर्शन घ्यायचं आहे. तो आहे खालापूर तालुक्यातल्या महडला. इंग्रजीत लिहिलं की तेच महाड होतं, आणि चवदार तळ्याचं महाड तिथून शंभर किलोमीटरच्या वर दक्षिणेला आहे. परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचे दोन दिवस अशा एका कान्यापायी वाया जातात.

मग बेत नव्याने आखला. माझं म्हणणं मी आजींच्या मुलाला स्पष्ट सांगितलं: ताजमहाल पुढच्या वेळी बघा. मुळं शोधायला निघालेल्याने शहरांची संख्या वाढवू नये, आणि गाव शेवटी तर मुळीच ठेवू नये. गाव मध्यावर हवं. म्हणजे आधी मुंबईत कानाला मराठीची सवय होते आणि नंतर, काही सापडलं तर पुन्हा मागे यायला दिवस उरतात. तो दिल्लीवर अडून होता. सुनेने हिशेब मांडला की दिल्लीचे चार दिवस सोडले तर कर्जतला पाच रात्री मिळतात. तेव्हा त्याने पेन्सिलीने दिल्ली खोडली.

आता मार्ग असा आहे. इथून मुंबईला थेट विमान, सहा-सात तासांचं. पोचल्यावर घड्याळ दीड तास पुढे करायचं. मुंबईत दोन रात्री. मग गाडी न करता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कर्जत लोकल. शंभर किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. हा हट्ट माझा. नेरळ सुटलं की उजवीकडे माथेरानचा डोंगर मागे पडत जातो आणि समोर सह्याद्री उभा राहतो. पणजोबा गेले ते या डोंगराकडे पाठ करून, पोरांनी त्याच्याकडे तोंड करून यावं. कर्जत स्टेशनवर वडापाव. डिसेंबरात भात कापून झालेलं असतं, माणसं घरी भेटतात, हवा सुखाची असते. आजींना खरं तर गणपतीत यायचं होतं, पण त्या दिवसांत उल्हास नदी फुगलेली आणि वाडीवरची वाट चिखलाची. सत्तरीच्या बाईने तो धोका घेऊ नये.

खालापूरसाठी एक दिवस. कर्जत-खोपोली लोकल, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. रेल्वे खोपोलीपर्यंत आली 1856 साली, आणि भोर घाटातून वर गाडी गेली 1863 मध्ये. मधली सात वर्षं घाटात हजारो मजूर डोंगर फोडत होते आणि पटकीने मरत होते. आजींचे पणजोबा त्याच वर्षांत देश सोडून गेले. धाकट्या नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याने नकाशावर घाटाची रेघ बोटाने दोनदा गिरवली. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ बघायचं, तिथून रिक्षाने महड. 1725 साली बांधलेल्या त्या देवळात ही मुलं आरती म्हणतील तेव्हा त्यांना कोणी पाहुणं समजणार नाही. शेवटी घाटाने वर पुणे आणि जेजुरी, कारण यांच्या घरच्या गोंधळात जेजुरीचं नाव घेतात.

गावात शिरताना काय बोलायचं, याची तयारी मात्र तिकिटांपेक्षा जास्त केली. कर्जत-खालापुरात गेल्या काही वर्षांत फार्महाउसांनी जमिनीचे भाव कुठल्या कुठे नेले आहेत. अनोळखी माणूस जुना कागद दाखवून 'आमचे पूर्वज इथले' म्हणाला की समोरच्याला आधी सातबारा आठवतो. म्हणून पहिलं वाक्य मी आजींच्या मुलाकडून पाठ करून घेतलं: आम्हाला जमीन नको, फक्त गाव बघायचंय. दुसरी गोष्ट आडनावाची. इथे बापाचं नाव हेच पुढे आडनाव झालं. यांचं आडनाव गावात सांगून कोणी ओळखणार नाही, ते पणजोबांचं नाव म्हणूनच सांगायला हवं. आणि तिसरी जातीची. कागदावर ती लिहिलेली आहे आणि गावात ती विचारली जाईल, कारण आळी तिच्यावरून कळते. मुलांनी हा शब्द घरात कधी ऐकलेला नव्हता. तो परक्या अंगणात अचानक कानावर पडण्यापेक्षा आजींच्या तोंडून ऐकलेला बरा, असं मला वाटलं. आजींनी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते मी लिहीत नाही, ते त्यांच्या घरातलं आहे.

कर्जत आणि खालापूरच्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, आपल्या गावातून कोणी मोरसला गेल्याचं कधी ऐकलंय का. मॉरिशस म्हणू नका, मोरस म्हणा. वाडीची, आळीची, पाणवठ्याची जुनी नावं सांगत असतील तर लिहून घ्या. रोमन अक्षरांतलं गाव त्याच नावांनी ओळखू येतं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद घेऊन तुमच्या दारात उभी राहिली, तर त्यांना आधी ओसरीवर बसवा आणि पाणी द्या. कागद मग वाचा.