व्हीआर हेडसेटमधील फिके रंग व राखाडी काळोख : कारणमीमांसा आणि दुरुस्तीच्या मर्यादा

प्रस्तावना :

आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, हे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिलेले नाही. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह व प्लेस्टेशन व्हीआर हे हेडसेट बाजारात आले आणि त्यानंतरच्या काळात अध्यापनाचे एक साधन म्हणून शिक्षणक्षेत्राचेही लक्ष या तंत्राकडे वेधले गेले. तथापि हेडसेट डोळ्यांवर चढविल्यानंतर एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती अशी की काळा रंग काळा दिसत नाही, तो राखाडी भासतो आणि इतर रंगांवर धुक्याचा पातळ थर बसल्यासारखे वाटते.

ही तक्रार केवळ सौंदर्यदृष्टीची नव्हे. खगोलशास्त्राच्या तासाला रात्रीचे आकाशच राखाडी दिसले तर मंद तारे त्यात हरवतात. जीवशास्त्रात ऊतींचे छेद हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंजकांनी रंगवितात. त्यात केंद्रक निळे-जांभळे व पेशीद्रव्य गुलाबी दिसणे हाच ज्ञानाचा आधार असतो. तेथे रंग फिका पडणे म्हणजे माहितीच पुसली जाणे होय. शिवाय दोषाचे मूळ न शोधता सेटिंग बदलत राहिल्यास वेळ जातो, आणि कित्येकदा सुस्थितीतील साधन सदोष ठरवून नवीन खरेदीचा प्रस्ताव मांडला जातो.

लेखाची उद्दिष्टे :

१. काळेपणा व रंगांची संपृक्तता कोणत्या कारणांनी घटते ते स्पष्ट करणे.
२. त्यांपैकी दुरुस्त होऊ शकणारे व न होऊ शकणारे दोष वेगळे करणे.
३. तपासणीचा एक व्यवहार्य क्रम सुचविणे.

१) पडद्याचा मूळ गुणधर्म :

पडद्यावरील सर्वांत उजळ पांढरा व सर्वांत गडद काळा यांच्या प्रकाशमानतेचे गुणोत्तर म्हणजे कॉन्ट्रास्ट. एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकाच्या पडद्यामागे, एक दिवा सतत जळत असतो. स्फटिकांनी तो प्रकाश अडवायचा असतो, परंतु तो पूर्णपणे अडत नाही. समजा, कॉन्ट्रास्ट १०००:१ आहे. म्हणजे काळ्या भागातूनही पांढऱ्याच्या ०.१ टक्का प्रकाश पाझरतोच. पांढरा प्रति चौरस मीटर १०० कँडेला असेल, तर काळा ०.१ कँडेला राहील.

हा पाझर रंगांनाही फिके करतो. एखाद्या गडद तांबड्या ठिपक्यात तांबड्या घटकाचे प्रमाण कमाल मूल्याच्या ०.५ टक्के आहे आणि हिरवा व निळा घटक शून्य आहेत, असे मानू. पाझराचा ०.१ टक्का तिन्ही घटकांत मिसळला की प्रमाण ०.६ : ०.१ : ०.१, म्हणजे ६:१:१ होते. शुद्ध तांबड्यात पांढरा कालवला गेला. उजळ रंगांत हा परिणाम जाणवत नाही, सावलीतील रंगांत तो ठळक होतो. म्हणूनच काळेपणाचा दोष आणि रंगांचा फिकेपणा हे बहुतेक वेळा जोडीने आढळतात.

ओलेड पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो, म्हणून तत्त्वतः तो पूर्ण विझू शकतो. व्यवहारात मात्र एक अडचण येते. पूर्ण विझलेल्या बिंदूला पुन्हा उजळण्यास किंचित अधिक वेळ लागतो आणि मान वळविताना गडद भागांमागे काळी छटा फरपटत येते. २०१४ च्या ऑक्युलस डीके-२ या विकसकांसाठीच्या संचात हा दोष अनेकांनी अनुभवला. तो टाळण्यासाठी बिंदू पूर्ण न विझविता मंद पेटता ठेवण्याचा उपाय योजला जातो, आणि त्यापायी काही प्रमाणात काळेपणाचा त्याग करावा लागतो.

२) भिंगे आणि डोळा :

पडदा व डोळा यांच्यामध्ये भिंग असते. फ्रेनेल भिंगावरील वर्तुळाकार खाचांमुळे प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर त्यांच्यापासून निघालेले प्रकाशाचे पट्टे काळ्या भागावर पसरतात. पॅनकेक भिंगात या खाचा नसतात, परंतु तेथे प्रकाशाला अर्धपारदर्शक आरशातून एकदा पार व्हावे लागते व एकदा त्यावरून परावर्तित व्हावे लागते. दोन्ही वेळा निम्मा प्रकाश गमावला जात असल्याने आदर्श स्थितीतही सुमारे २५ टक्केच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि भरकटलेल्या प्रकाशाची पुसट प्रतिमा उमटू शकते. भिंगावर बोटांचे ठसे असतील तर दोन्ही प्रकारांत धूसरपणा वाढतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. त्याच कॉन्ट्रास्टचा संगणकाचा पडदा कार्यालयात चांगला काळा दिसतो, मग हेडसेटमध्येच तो राखाडी का दिसावा ? याचे उत्तर सभोवतालच्या प्रकाशात आहे. खोलीत ३०० लक्स प्रकाश असेल व पडद्यावरून त्याचा १ टक्का विखरून परावर्तित होत असेल, तर पडद्यावर सुमारे ०.९५ कँडेला इतकी प्रकाशमानता बाहेरूनच मिळते. तिच्यापुढे ०.१ कँडेलाचा पाझर नगण्य ठरतो. हेडसेटमध्ये बाहेरचा प्रकाश नसतो. बाहुली विस्फारते, डोळा हळूहळू अंधाराला सरावतो, आणि जो पाझर टेबलावर दडून राहिला होता तोच येथे उघडा पडतो.

३) संकेतातील चुका :

आतापर्यंतची कारणे साधनाच्या रचनेत होती. यापुढील कारण मात्र सॉफ्टवेअरमध्ये असते व ते पूर्णपणे दुरुस्त होऊ शकते. आठ बिटांच्या संगणकीय चित्रात काळ्याचे मूल्य ० व पांढऱ्याचे २५५ असते. व्हिडिओच्या रूढ पद्धतीत मात्र काळा १६ वर व पांढरा २३५ वर ठेवतात. चित्र दाखविणाऱ्या प्रणालीने हे रूपांतर केले नाही, तर १६ हे मूल्य काळे न मानता गडद राखाडी म्हणून दाखविले जाते.

याचे गणित उद्बोधक आहे. गॅमा २.२ धरल्यास १६ या मूल्याची प्रकाशमानता कमाल मूल्याच्या ०.२३ टक्के व २३५ ची सुमारे ८३.६ टक्के येते. म्हणजे पूर्ण विझू शकणाऱ्या ओलेडवरही कॉन्ट्रास्ट सुमारे ३७०:१ इतकाच उरतो. १०००:१ च्या एलसीडीवर दोन्ही दोष एकत्र आले की तो सुमारे २५६:१ पर्यंत घसरतो. वापरणारा मात्र सारा दोष पडद्याच्या माथी मारतो.

संगणकावरून वाय-फायद्वारे हेडसेटकडे चित्र पाठविताना ते व्हिडिओच्या स्वरूपात संकुचित केले जाते, म्हणून तेथेही ही चूक संभवते. संकोचन तीव्र असल्यास गडद भागातील सूक्ष्म छटा नाहीशा होऊन तेथे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. रंगावकाशाच्या बाबतीतही असेच घडते. विस्तृत रंगावकाशातील चित्र रूपांतर न करता रेक. ७०९ या मर्यादित रंगावकाशातील म्हणून दाखविले तर ते फिके दिसते. एचडीआर व्हिडिओ साध्या प्लेअरवर लावला असता येणारी करडी कळा हीदेखील याच जातीची होय.

४) तपासणी व दुरुस्तीचा क्रम :

प्रथम मऊ कोरड्या मायक्रोफायबर कापडाने भिंगे पुसावीत, हेडसेट नीट बसवावा व नाकाजवळून प्रकाश आत येत नाही ना, हे पाहावे. ही पायरी क्षुल्लक वाटते, परंतु ती वगळल्यास पुढील निरीक्षणे विश्वसनीय राहत नाहीत.

त्यानंतर पूर्ण काळे, म्हणजे शून्य मूल्याचे, एक चित्र हेडसेटच्याच स्मृतीत साठवून हेडसेटच्याच प्लेअरमध्ये पाहावे. तेच चित्र मग संगणकावरून पाठवून पाहावे. दोन्ही काळे सारखेच दिसले तर संगणकाकडील मार्ग निर्दोष आहे व उरलेला राखाडीपणा पडदा आणि भिंगे यांचा आहे. दुसरा काळा अधिक उजळ दिसला तर दोष संकेताच्या मार्गात आहे. व्हिडिओच्या बाबतीत आणखी सोपी खूण आहे. चित्राच्या वर-खाली असलेल्या काळ्या पट्ट्या प्लेअरच्या स्वतःच्या काळ्या पार्श्वभूमीपेक्षा उजळ दिसत असतील, तर १६ व ० यांची गल्लत झाली आहे असे समजावे. अशा वेळी प्लेअरमध्ये, ग्राफिक्स कार्डच्या नियंत्रण फलकात व चित्र पाठविणाऱ्या प्रणालीत रंगमूल्यांची कक्षा एकसारखी करावी. संकोचन कमी करून प्रति सेकंद बिटांचे प्रमाण वाढवावे व सोय असल्यास दहा बिटांचे संकेतन निवडावे.

हे झाल्यावरच गॅमा व संपृक्तता यांना हात लावावा. गॅमा २.२ वरून २.४ केल्यास निम्म्या मूल्याचा करडा रंग २१.८ टक्क्यांवरून १८.९ टक्क्यांवर येतो व चित्र अधिक भरीव भासते. शून्य मात्र शून्यच राहते, म्हणजे पडद्याचा मूळ पाझर तसूभरही घटत नाही. कॉन्ट्रास्टचे बटण फार पुढे नेल्यास गडद छटा एकमेकींत मिसळून तपशील कायमचा नष्ट होतो. जेथे आकाशातील मंद तारेच पाहायचे आहेत, तेथे हा उपाय रोगापेक्षा घातक ठरतो. उलट एलसीडीचा पार्श्वप्रकाश थोडा कमी केल्यास कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर तेच राहूनही पाझर प्रत्यक्षात मंदावतो. अंधाऱ्या दृश्यांसाठी हा साधा उपाय अधिक उपयुक्त आहे.

५) खरेदीच्या दृष्टीने :

बिंदूंची संख्या वाढली म्हणजे चित्र सर्वार्थाने सुधारले, हा समज बरोबर नाही. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १४४० × १६०० बिंदूंचा ओलेड पडदा होता. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये १८३२ × १९२० बिंदूंचा एलसीडी आला. अक्षरे अधिक स्पष्ट झाली, परंतु काळोख फिका पडला. २०२२ च्या क्वेस्ट प्रोमध्ये पार्श्वप्रकाशाचे ५०० हून अधिक स्वतंत्र भाग करून मधला मार्ग काढण्यात आला. त्यात गडद भागामागील दिवे मंद होतात, मात्र काळ्या आकाशातील तेजस्वी ताऱ्याभोवती प्रभावळ दिसू शकते. २०२३ चा प्लेस्टेशन व्हीआर २ ओलेडवर, तर २०२४ चा ॲपल व्हिजन प्रो सूक्ष्म-ओलेडवर आधारलेला आहे. सारांश, वाचन, नकाशे व उजळ प्रतिकृती यांसाठी एलसीडी पुरेसा आहे. आकाशदर्शन वा अंधाऱ्या वास्तूंचे दर्शन हा मुख्य हेतू असेल तर पडद्याचा प्रकार आधी विचारावा व गडद दृश्य प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा.

निष्कर्ष :

फिकेपणाची कारणे दोन गटांत मोडतात. संकेताच्या मार्गात जे हरवले ते योग्य सेटिंगने परत मिळविता येते. पडदा व भिंगे यांच्या रचनेतच जे नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही. ही सीमारेषा ओळखण्यासाठी महागडे मापनयंत्र लागत नाही. स्वच्छ भिंग, एक काळे चित्र व दहा मिनिटांचा संयम एवढी सामग्री पुरते. वर्गात हेडसेट वापरण्यापूर्वी अध्यापकाने ही चाचणी स्वतः करावी आणि साधनाची मर्यादा विद्यार्थ्यांसमोर आधीच स्पष्ट करावी. अन्यथा यंत्रातील राखाडी रंगालाच विद्यार्थी निसर्गाचा रंग मानण्याचा धोका संभवतो.