डिझाइनची अमानत आणि दोन किल्ल्या

व्यापारी बंधूंनो, कापडाचे गठ्ठे टेम्पोने जातात, पण त्यावरचे डिझाइन आता इंटरनेटवरून जाते. अर्नाळ्याच्या दुकानात बसून आम्ही भिवंडीच्या छपाईवाल्याला फाइल पाठवतो. नवे डिझाइन ईदच्या आधीच बाजारात फुटले, तर हंगाम हातचा गेला! गिऱ्हाइकाचे डिझाइन ही आपल्याकडे अमानत असते.

जुन्या एफटीपी पद्धतीत नाव आणि पासवर्ड उघडेच जातात. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाली. त्यावर उपाय म्हणून तेथील टाटू युलोनेन यांनी एसएसएच हा बंदिस्त मार्ग तयार केला. एसएफटीपीने पाठवलेली फाइल याच मार्गाने जाते.

मार्ग बंदिस्त झाला, तरी पासवर्ड तोंडातोंडी फिरतोच. मालक मुनीमाला सांगतो, मुनीम पोऱ्याला. एक माणूस नोकरी सोडून गेला की सर्वांचा पासवर्ड बदला! किल्लीच्या पद्धतीत हा घोर राहत नाही.

संगणकावर एसएसएच-कीजेन हा आदेश दिला की किल्ल्यांची जोडी तयार होते. प्रकार ईडी२५५१९ निवडावा. एक किल्ली खाजगी. ती कोणालाही देऊ नये, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. तिला सांकेतिक वाक्याचे कुलूप घालावे, म्हणजे संगणक चोरीला गेला तरी किल्ली सहजी चालत नाही. दुसरी जाहीर किल्ली म्हणजे एका ओळीचा मजकूर. ती छपाईवाल्याकडे पाठवावी. तो ती आपल्या सर्व्हरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलमध्ये लिहितो. पुढे फाइलझिला किंवा विनएससीपीमध्ये खाजगी किल्ली दाखवली की काम सुरू.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरचा ‘ठसा’ पडद्यावर दिसतो. तो फोनवरून छपाईवाल्याशी ताडून मगच ‘होय’ म्हणावे, नाहीतर भलत्याच्याच दारात माल उतरायचा. दुसरे, किल्लीने प्रवेश होतो याची खात्री झाल्यावर छपाईवाल्याला सांगून सर्व्हरवरचा पासवर्डचा प्रवेश बंद करवावा. ते दार उघडे राहिले, तर किल्लीचा उपयोग काय?

प्रत्येक माणसाला स्वतंत्र किल्ली द्यावी. तो गेला की त्याची तेवढी एक ओळ खोडायची. बाकीच्यांचे काम थांबत नाही.